एका श्वासात कापलेली फरशी

फरशी बसवणारा माणूस दिवसाचे सहा तास गुडघ्यावर असतो. उरलेले दोन तास वाकलेला असतो. ताठ उभा राहतो तो फक्त जेवायला जाताना आणि घरमालकाला 'उद्या नक्की होईल' हे सांगताना. हे काम मी अडतीस वर्षं केलं. त्यातली अठ्ठावीस दादांबरोबर.

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. वयाने नऊ वर्षांनी मोठे, कामाने त्याहून बरेच. बाकी सगळे त्यांना गादीशेठ म्हणत. त्याला कारण होतं. सकाळी कामावर आले की त्यांच्या पिशवीतून थापीच्या आधी दोन जाड गाद्या निघत. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर, आत कापूस, वर जुन्या पँटचं कापड आणि मागे बांधायला दोन वाद्या. वहिनी, म्हणजे दादांची बायको, शिवणकाम करायच्या. या गाद्या त्यांनी शिवलेल्या. कापूस दबला की नवा भरून द्यायच्या. दादा त्या गुडघ्याला बांधत, खाली टेकून दोनदा दाबून बघत, आणि मगच दोरी ताणायला घेत.

पॉलिशवाला रोज न चुकता विचारायचा, शेठ गादीवर बसले, चहा सांगू का. दादा म्हणायचे, सांग, साखर कमी.

मीही हसत होतो. अठ्ठावीस वर्षांचा होतो, गुडघे लोखंडाचे आहेत अशी समजूत होती. दोन वर्षांत डावा गुडघा सुजून फुग्यासारखा झाला. दोनदा पाणी काढावं लागलं. वीस दिवस घरी. दादा भेटायला आले, खुर्चीवर बसले, कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "बाराशे फूट."

मला कळलं नाही. मग त्यांनी हिशोब मांडला. मी रोज साठ फूट बसवतो. वीस दिवस गेले. म्हणजे बाराशे फूट फरशी मी डॉक्टरच्या घरात फुकट बसवून आलो, वर माल माझा.

जाताना त्यांनी पिशवीतून दोन गाद्या काढून पलंगावर ठेवल्या. माझ्या मापाच्या होत्या. माप कधी घेतलं होतं कोण जाणे. फरशीवाल्याची नजर, दुसरं काय.

दादांची सगळी मोजणी अशी फुटांत चालायची. पाठ धरली की तीनशे फूट. सिमेंटने हात फुटले की दीडशे. पोट बिघडलं की साठ, आणि मुद्दाम उघड्यावरचं खाऊन बिघडवलं असेल तर एकशे वीस, कारण त्यात मूर्खपणाचा आकार वेगळा. त्यांचे नियम साधे होते. सिमेंटची गोणी दोघांनी उचलायची, एकट्याने उचलून दाखवणाऱ्याला ते बक्षीस म्हणून घरी पाठवत. चाळीस मिनिटं गुडघ्यावर, मग पाच मिनिटं उभं. सिमेंटचा माल कालवताना रबरी हातमोजे. तहान लागायच्या आधी पाणी. डबा वेळेवर. संध्याकाळी हातपाय धुऊन तेल लावायचं आणि लवकर झोपायचं. यात काही शोध नव्हता. ते सगळ्यांना ठाऊक असतं. दादा ते करत होते, एवढाच फरक. कंटाळा न करता, वर्षानुवर्षं, कोणी बघत नसतानाही.

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलात काम केलं होतं. चार महिने. जागा होती पैसे भरायच्या खिडकीसमोरची. लोकांची ये-जा चालू, म्हणून थोडा थोडा भाग अडवून फरशी बसवायची. दादा दिवसभर गुडघ्यावर, त्यामुळे चेहरे दिसत नसत. दिसायचे ते पाय. ते म्हणाले, पैसे भरायला आलेल्या माणसाचे पाय एका जागी राहत नाहीत. पुढे होतात, मागे येतात. एक बाई चपला काढून उभी राहिली होती, देवळात उभी राहावी तशी. ते काम संपलं त्या दिवशी दादांनी ठरवलं की आपल्या घरातले पाय त्या खिडकीसमोर उभे करायचे नाहीत. आजारपण कोणाला चुकत नाही हे त्यांना कळत होतं. पण जे आपल्या हाताने ओढवून घेतो, तेवढं तरी टाळायचं. औषधापाण्यावर जे गेलं नाही त्यात त्यांनी मुलीचं शिक्षण केलं. ती आता शाळेत शिकवते.

तर असा हा माणूस. आणि चूक त्याच्याच एका नियमात होती.

फरशी कापायचं काम दादा कोणाला देत नसत. कटर त्यांच्याच हातात. दगडी फरशी कापली की पिठासारखी पांढरी धूळ उडते. पाणी सोडून कापली तर धूळ बसते, पण राड होते, ती राड सांध्यांत जाते, भिंतीवर उडते आणि नव्या फरशीवर डाग पडतात. दादांना ते चालत नसे. दुसऱ्याच्या घरात आपण घाण करायला आलेलो नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते कोरडीच कापत. मग धुळीचं काय, तर त्यालाही त्यांनी नियम केला होता. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं आणि कापून होईपर्यंत सोडायचा नाही. श्वासच घेतला नाही तर धूळ आत जाईल कशी.

मला हे पटलं. आम्हा सगळ्यांना पटलं. तोंडाला फडकं बांधणाऱ्यांना उलट आम्ही हसत होतो.

दोन फुटी फरशी दादा एका श्वासात कापत. वीस-बावीस सेकंद. मी दीड फुटाला गळपटायचो, आणि माझं कापलेलं त्यांना आवडतही नसे. त्यांनी कापलेली कड बघण्यासारखी असायची. ज्याला समजतं त्यालाच समजेल, पण सांगतो. कापता कापता कटर मधेच थांबला, आणि मग पुन्हा लावला, तर हात कितीही पक्का असो, त्या जागी केसाएवढी पायरी राहते. डोळ्यांना दिसत नाही. नख फिरवलं तर अडकतं. दादांच्या कडेवर नख कधी अडकलं नाही.

वीस वर्षांनी अडकलं.

एका मोठ्या घराच्या हॉलचं काम होतं. भिंतीलगतचे तुकडे दादांनी कापून ठेवले होते आणि मी बसवत होतो. एक उचलला, सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. बरोबर मध्यावर नख थांबलं. मला वाटलं, दगडात काही असेल. दुसरा उचलला. तिथेही. सात तुकडे बघितले. सातही तुकड्यांत पायरी होती, आणि शेवटच्या दोन्हींत दोन-दोन.

 ब्लेड बोथट झालंय वाटतं, एवढंच म्हणालो. दादांनी माझ्याकडे न बघता नवं ब्लेड लावलं. दुसऱ्या दिवशीचे तुकडे मी ते चहाला गेल्यावर तपासले. पायऱ्या होत्या तशाच होत्या.

त्या आठवड्यात गाद्यांत कापूस भरायला म्हणून मी वहिनींकडे गेलो. दादा बाहेर गेले होते. वहिनींनी मशीन थांबवलं, गाद्या हातात घेतल्या आणि उसवायला लागल्या. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, हे हल्ली दोन उशा घेऊन झोपतात. मान दुखते म्हणतात. मान दुखणारा माणूस उशी काढून टाकतो हो, वाढवत नाही."

मग मी पायरीचं सांगितलं. फरशीचं त्यांना काय कळणार, म्हणून समजावत बसलो. त्यांनी मला मधेच थांबवलं आणि विचारलं की कापड कापताना कात्री मधे थांबली तर कडेला दात उमटतो, तसंच का. मी म्हटलं, तसंच. त्यांनी गादी मांडीवर ठेवली.  खरं तर आम्ही दोघांनी एकच गोष्ट बघितली होती. श्वास पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दादांना सरळ म्हटलं की डॉक्टरांना दाखवू. ते भडकले. तेहेतीस वर्षं त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती आणि ते त्यांना मिरवायला आवडायचं. मला म्हणाले, तू तुझ्या फरश्या बघ. पुढचे दोन दिवस आमच्यात बोलणं म्हणजे फक्त मापं. साडेसतरा. अकरा आणि एक सूत. पॉलिशवाल्याने विचारलं, तुमच्या दोघांचा घटस्फोट झाला का. कोणी हसलं नाही.

दादांची भीती मला कळत होती. दवाखान्यात गेलं आणि डॉक्टरांनी काम बंद करा सांगितलं, तर पुढे काय. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काम कोण देतं. आणि न जावं, तर जे काय आत चाललं होतं ते थांबणार नव्हतं. त्यांनी आयुष्यभर जो हिशोब इतरांना शिकवला तोच आता त्यांना मांडता येत नव्हता.

तो वहिनींनी मांडला. मी तिथेच होतो, त्यांनीच मला संध्याकाळी बोलावून घेतलं होतं. दादा जेवून हात पुसत होते. वहिनी म्हणाल्या, "उद्या गेलात तर दिवसाचे साठ फूट जातील. नाही गेलात तर कधीतरी मला त्या खिडकीपुढे उभं राहावं लागेल. तेव्हा माझे पाय बघायला खाली कोणी असेल का ते तुम्ही सांगा."

दादांनी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं. मला विचारलं, सकाळी किती वाजता उघडतं.

सरकारी दवाखाना होता, आम्ही तिघंही गेलो. रांग मोठी. आधी छातीचा फोटो काढला. मग एका खोलीत नळीत फुंकायला लावलं. एका दमात, जोरात, आतलं सगळं बाहेर. यंत्रावर आकडा येतो. तिथला मुलगा म्हणाला, आजोबा, अजून जोर लावा. दादांनी नळी तोंडातून काढली, आजोबा कोण ते इकडेतिकडे बघितलं, आणि मग असं फुंकलं की खोकल्याची उबळ आली. आकडा किती हवा होता हे त्यांनी विचारून घेतलं. कमी आहे म्हटल्यावर, पुन्हा करू द्या, म्हणाले. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेवढाच आला.

डॉक्टरीणबाई वयाने दादांच्या मुलीएवढ्या. फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला, आणि काम कसं करता ते विचारलं. धुळीसाठी काय वापरता. दादांनी मोठ्या खुशीत श्वासाचा नियम सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, करून दाखवा.

दादा उभे राहिले. पाय फाकवले, छाती भरून घेतली, दोन्ही हातांत कटर धरल्यासारखं केलं आणि हवेत एक सरळ रेघ कापायला लागले. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. अकराव्या सेकंदाला दादांचे हात थांबले. तोंड उघडलं आणि त्यांनी आवाज करत खोल श्वास ओढला.

बाई म्हणाल्या, "हा श्वास. आत्ता जो घेतलात ना, इतका खोल श्वास माणूस एरवी घेत नाही. तो तुम्ही रोज त्या धुळीच्या ढगात उभं राहून घेत आलात."

दादा बसले नाहीत. हात अजून तसेच पुढे होते. मग ते त्यांनी सावकाश खाली घेतले.

बाईंनी काही लपवलं नाही. फुप्फुसावर व्रण आहेत, ते जाणार नाहीत. पुढे वाढतील की नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण धूळ आजपासून पूर्ण थांबली तर आशा चांगली आहे, कारण अजून बराच भाग शाबूत आहे. आणखी पाच वर्षांनी आला असतात तर मी वेगळं बोलले असते, असंही म्हणाल्या. आजारी पडायचं नाही म्हणजे डॉक्टरकडे यायचं नाही असं नसतं, वर्षातून एकदा नुसतं तपासून गेलात तरी पुष्कळ वाचतं, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. औषध थोडंसंच लिहून दिलं.

मला वाटलं आता निघायचं. दादा दारात अडून उभे राहिले. म्हणाले, "याची पण छाती बघा. याला मीच शिकवलंय."

माझं काही दुखत नव्हतं. मी नको म्हणत होतो, पण दादा ऐकेनात. मलाही नळीत फुंकायला लावलं, माझाही फोटो काढला. ते तासभर बाकावर बसून होते. वहिनींनी आणलेलं पाणी हातात तसंच धरून. माझा आकडा चांगला आला, फोटो स्वच्छ होता. बाईंनी विचारलं, तुम्ही कापत नाही का. मी म्हटलं, हे कापू देत नाहीत. माझी कड त्यांना पसंत पडत नाही.

 दादा पाणी एका घोटात प्यायले आणि म्हणाले की बरं झालं, तुझा हात वाईट आहे ते.

पुढचे चार दिवस ते घरी बसले. वहिनी सांगायच्या, नुसते खिडकीतून बाहेर बघतात. पाचव्या दिवशी सकाळी ते कामावर आले. गाद्या बांधल्या नाहीत. कटर उचलला, त्याच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, आणि माझ्या हातात दिला. वायर गुंडाळून दिली. बाहेर अंगणात पाण्याची बादली, दोन फळ्या आणि स्पंज त्यांनी आधीच मांडून ठेवला होता. तोंडाला लावायचा जाड मास्कही आणला होता, तो त्यांनी स्वतः माझ्या कानामागे अडकवला. जसं काही लहान पोराला टोपी घालतोय. यापुढे कापायचं ते घराबाहेर, पाणी सोडून. राड झाली तर पुसायची. पुसायला वेळ लागेल तेवढा लागू दे.

पहिला तुकडा मी कापला. ते दूर, दाराच्या आत उभे होते. त्यांनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि परत दिला. दुसरा परत दिला. तिसरा. त्यांची दया वगैरे काही आली नाही मला, आणि त्यांनाही माझी आली नाही. पाचवा तुकडा कापताना माझं लक्ष दाराकडे गेलं. दादांचे गाल फुगलेले, ओठ मिटलेले. मी कापत होतो आणि ते श्वास धरून उभे होते.

मी कटर बंद केला. पायरी राहणार हे माहीत असून बंद केला.

"दादा, श्वास घ्या," मी म्हटलं.

त्यांनी सोडला. मग हसले. म्हणाले, सवय आहे, जायला वेळ लागेल. सहावा तुकडा त्यांनी ठेवून घेतला.

अशी आम्ही आणखी आठ वर्षं काढली. ते माप सांगायचे, मी कापायचो, ते बसवायचे. आमचा वेग कमी झाला. एका ठेकेदाराने त्यावरून आम्हाला काढलं, दुसऱ्याने ठेवलं, कारण आमच्या मागे साफसफाईला माणूस लागत नसे. पॉलिशवाला वर्षभर आम्हाला मास्कवरून चिडवत होता. मग एक दिवस त्याने विचारलं, असला मास्क कुठे मिळतो. दादांनी त्याला पत्ता दिला, आणि त्या डॉक्टरीणबाईंचाही दिला.

आता दादा बहात्तर वर्षांचे आहेत. दोन उशा अजून लागतात. तिसरी लागलेली नाही. हे वहिनी सांगतात, आणि त्या मोजण्यात चुकत नाहीत. वर्षातून एकदा आम्ही तिघं तपासायला जातो. वहिनींनाही आम्ही सोडत नाही, शिवणकामाने डोळे जातात. दादा नळीत फुंकतात, आकडा विचारतात, मग माझा विचारतात. यंदा त्यांचा जरा कमी आला. बाई म्हणाल्या, एवढं वयामुळे होतं, काळजी करू नका. माझा जास्त होता, तो मी त्यांना थोडा कमी करून सांगितला.

परत येताना रस्त्याला चढ लागतो. वहिनी रिक्षा करू म्हणाल्या, पण दादांनी ऐकलं नाही. हळूहळू चालत राहिले. मी सहज त्यांच्या पुढे गेलो असतो. गेलो नाही. ते दोन पावलं पुढे, मी मागे, असेच आम्ही वरपर्यंत गेलो.